एकाच चुलीचा मोहल्ला

काल भर दुपारी फाटकाशी गेले तर खांबावर काळ्या मार्करनं नंबर टाकलेला. नुकताच रंग दिला होता हो त्या खांबाला! पेंटरच्या मागं लागून लागून माझा जीव अर्धा झाला होता, आणि त्यावर कोणीतरी ऐटीत आकडा काढून मोकळं झालेलं. मी तशीच अनवाणी रस्त्यावर धावले. रायपूरच्या चौबे कॉलोनीतला डांबरी रस्ता मे महिन्यात कसा असतो ते इथं राहणाऱ्यालाच माहीत. दोन घरं पलीकडं एक पोरगी उभी दिसली. ओढणीनं तोंड बांधलेलं, गळ्यात जनगणनेचं ओळखपत्र, हातात मोबाइल. भांडायला म्हणून गेले आणि तिचे लाल झालेले डोळे पाहून म्हटलं, चल आत, आधी पाणी पी.

नाव विचारलं तर आडनाव आमच्याच बाजूचं निघालं, भंडाऱ्याकडचं. मी मराठीत बोलतेय, ती हिंदीत उत्तरं देतेय. त्याची आता सवय झाली आहे, त्यावर चिडायचं मी सोडून दिलं. पण पाणी पिऊन झाल्यावर तिनं मोबाइल उघडला आणि विचारलं, "आंटी, परिवार एक ही है ना?"

"परिवार म्हणजे काय, ते सांग आधी."

"मतलब... फॅमिली."

झालं! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, अगं बाई, परिवार म्हणजे फॅमिली हे मलाही कळतं. तू मला विचारायचं ते हे, की या घरात चुली किती? कोण कोणाच्या हातचं जेवतं? घराची मोजणी काय दारावरच्या पाटीवरून करतात? पोरगी बिचारी बावरली. म्हणाली, "ट्रेनिंग में बताया तो था आंटी, पर ऐसे कौन पूछता है?"

कोण विचारतं! मी विचारत होते, म्हटलं. सगळा उन्हाळा विचारत होते. ती हसली, मी सांगितलेलं मोबाइलवर भरून घेतलं आणि गेली. मी मात्र संध्याकाळपर्यंत धुसफुसत बसले. नंतर कळलं, राग तिच्यावर नव्हताच. तो मागच्या जनगणनेच्या उन्हाळ्याचा राग होता. इतकी वर्षं कुठं दडून बसला होता कोण जाणे.

तेव्हा मी नोकरीत होते. शाळा बीरगांवला. उरल्याच्या कारखान्यांना खेटून असलेला भाग. सकाळी वर्गातल्या बाकावरून हात फिरवला की हात काळा. तारेवर वाळत घातलेली पांढरी चादर संध्याकाळी राखाडी होऊन घरात येणार. तिथली माणसं त्या काळ्या धुळीबद्दल बोलतही नसत. आम्ही शहरातून येणाऱ्या मास्तरणीच तेवढ्या नाकाला रुमाल लावायचो. परीक्षा संपल्या, निकाल लागले, आता सुटी, आता माहेरी, आता आमरस असं मनात मांडत होते तोवर ड्यूटीचा आदेश आला. शाळेच्या आसपासचा ब्लॉक माझा. घरं मोजा, घरातली माणसं मोजा, नळ मोजा, संडास मोजा. या देशात मास्तरीण नावाचा प्राणी नसता तर सरकारचं काय झालं असतं, असा प्रश्न मला अजून पडतो.

ट्रेनिंग एका सभागृहात. पंखे होते, पण ते बहुधा शोभेसाठी लावलेले. घामानं पुस्तिकेची पानं बोटांना चिकटायची. शिकवणारे साहेब एकेक व्याख्या वाचून दाखवायचे आणि मागच्या रांगेतले गुरुजी तोंड उघडं टाकून झोपायचे. इमारत म्हणजे काय, घर म्हणजे काय, दार कुठून असेल तर घर वेगळं धरायचं. त्या सगळ्या रटाळ गुऱ्हाळात एकच वाक्य मला आवडलं. कुटुंब म्हणजे साधारणपणे एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं. रक्ताचं नातं असो वा नसो. सख्खे भाऊ एका छपराखाली वेगवेगळे शिजवून खात असतील तर कुटुंबं दोन. आणि चार परके एका भांड्यातलं जेवत असतील तर कुटुंब एक. मला वाटलं, अरे वा! कागदावर कधी नव्हे ते कोणीतरी शहाणपणाचं लिहून ठेवलंय. किती भोळी होते मी.

नौतपा लागला होता. छत्तीसगडच्या त्या ऐन उन्हाच्या दिवसांत कुत्रीसुद्धा नालीच्या ओलीत पोट टेकून पडतात, आणि मी डोक्याला ओला पंचा गुंडाळून गल्ल्या हिंडत होते. आधी नजरी नकाशा काढायचा, म्हणजे पावलानं चालत डोळ्यांनी पाहून कागदावर सगळा मोहल्ला उतरवायचा. उत्तरेला नाला, दक्षिणेला कारखान्याची भिंत. आता नाला म्हणजे काय सरळ रेषा आहे? तो वाकडा, गल्ल्या त्याहून वाकड्या, आणि एक झोपडी अशी बसलेली की तिचा ओटा माझ्या ब्लॉकात आणि मोरी शेजारच्या ब्लॉकात. शेजारच्या ब्लॉकाचे गुरुजी म्हणाले, तुम्ही घ्या. मी म्हटलं, तुम्ही घ्या. त्या घरची म्हातारी ओट्यावर बसून मजेत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "झन लड़व, दुनों झन लिख लव." म्हणजे, भांडू नका, दोघंही लिहून घ्या; तेवढंच आम्हाला दोनदा राशन मिळेल! मीच घेतली तिला.

प्रश्नांचं तर विचारूच नका. पिण्याचं पाणी घराच्या आवारात आहे का? आहे. आवारात नळ आहे, मी डोळ्यांनी पाहिला. त्याच्या तोटीवर पोरानं पतंगाचा मांजा गुंडाळून ठेवला होता, कारण त्यातून होळीपासून थेंब आलेला नव्हता. बाई डोक्यावर हंडा घेऊन कुठून तरी लांबून येताना मला समोर दिसतेय, आणि रकाना विचारतोय नळ आहे का. पाणी येतं का, हे त्यानं विचारलेलंच नाही. मी काय लिहू? जाऊ दे. लिहिलं एकदाचं, आवारात आहे.

सकाळी लवकर गेलं तर माणसं घरात सापडत. बाया परसात बसून बासी खात असायच्या. रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, वर कांदा, मीठ, कधी कैरीची चटणी. "बइठ न दीदी, थोकिन खा ले," असा आग्रह प्रत्येक दारी. आमच्या मराठी घरांत चहा. भंडारा, गोंदिया, तुमसर अशा गावांहून दोन पिढ्यांपूर्वी कारखान्यांच्या मागं आलेली माणसं. माझा आवाज ऐकून आतून म्हातारे बाहेर यायचे. "बाप्पा, मॅडम आपल्याच होय का!" आणि मग जनगणना बाजूला, कोणत्या गावच्या, कोणाच्या कोण. मी घड्याळाकडं बघत चहा प्यायचे. खोटं कशाला सांगू, तेवढं मात्र बरं वाटायचं.

पण चुलीचा प्रश्न आला की सगळ्यांचा आवाज बदलायचा.

"घरात स्वयंपाक एकत्रच होतो की वेगवेगळा?"

"एकच, मॅडम. एकच चूल आहे आमच्या घरी."

शेजारी छत्तीसगडी घर. "एके चूल्हा हे, दीदी." त्याच्या पुढं बिहारकडचं घर. "एक ही चूल्हा है, सब साथ में." आणि मी दारात उभी असताना त्याच घरातून कुकरची शिटी वाजायची, थोड्या वेळानं मागच्या बाजूनं दुसऱ्या कुकरची, वेगळ्या आवाजाची. एका घरात तर दोघी जावा दोन टोकांना दोन भाज्यांना फोडण्या देत होत्या, एकीच्या लसणाचा वास आणि दुसरीच्या मिरचीचा ठसका मला मधोमध उभं करून खोकायला लावत होता, आणि सासरेबुवा छातीवर हात ठेवून सांगत होते की आमच्याकडं अजून सगळं एकत्र आहे! मी खोकत खोकत लिहिलं, एक.

काहून सांगत असतील असं? मला कळत नव्हतं असं नाही. चूल वेगळी झाली म्हणजे घर फुटलं. भिंती वेगळ्या चालतात, कुलपं वेगळी चालतात, जाऊबाईशी बोलणं बंद असलं तरी चालतं, पण चूल वेगळी आहे हे परक्या माणसासमोर, तेही सरकारी कागद घेऊन आलेल्यासमोर, तोंडानं कबूल करायचं? ते नाही जमायचं. मराठी असो की छत्तीसगडी, या एका बाबतीत सगळा मोहल्ला एकमताचा. घराची इज्जत राखायला सगळे मिळून खोटं बोलत होते, आणि ते खोटं मी सुवाच्य अक्षरांत उतरवत होते. माझी अशी चिडचिड व्हायची की घरी येऊन नवऱ्यावर निघायची. तो बिचारा रेल्वेतला माणूस, म्हणायचा, "अवं, तुझं काय जाते? ते म्हणते एक, तर तू लिव एक."

माझं काय जातं! माझंही काही जात नव्हतं म्हणा, शालिकभाऊंच्या घरी पोचेपर्यंत.

शालिकभाऊ म्हणजे त्या गल्लीतले वजनदार गृहस्थ. प्लँटमधून निवृत्त झालेले, समाजाच्या कार्यक्रमात माइक त्यांच्याच हाती. मला खुर्ची दिली, स्वतः पलंगावर बसले, आणि प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तरं देऊ लागले. घर स्वतःचं. खोल्या इतक्या. माणसं पाच. ते, त्यांची बायको, धाकट्या भावाची बायको वनिता आणि तिच्या दोन मुली. भाऊ आजारपणात गेलेला. लग्न झालेली जोडपी किती, असा एक रकाना होता. "एक," ते म्हणाले. चूल? "एकच. मॅडम, भावाले शब्द देला होता मी, चूल फुटू देणार नाही म्हणून. तो गेला, शब्द नाही गेला." डोळे भरून आले त्यांचे. मी खाली बघून लिहिलं. कुटुंबप्रमुख, शालिकराम. बाकीच्यांची नावं घरमोजणीच्या त्या पहिल्या फेरीत लिहायचीच नसतात. बाकीचे नुसते आकड्यात.

तिथून उठून समोरच्या चाळीत गेले. कारखान्यात शिफ्टवर काम करणारी एकटी पोरं तिथं खोल्या करून राहायची. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच चटईवर पडायचा. त्यांना विचारलं, स्वयंपाक कुठं करता? एक जण दात घासत म्हणाला, "बनाते नहीं मॅडम. डब्बा आता है. वनिता दीदी के यहाँ से."

"कौन वनिता दीदी?"

त्यानं ब्रशनंच शालिकभाऊंच्या घराकडं दाखवलं. "पीछे वाला कमरा. सुबह चार बजे से उनका स्टोव जलता है."

दुसऱ्या खोलीत तेच. तिसऱ्या खोलीत तेच. सगळ्या चाळीचा डबा वनिताकडून. मी प्रत्येक खोलीसमोर लिहीत होते, घरात स्वयंपाक होत नाही, आणि मनात म्हणत होते, बाई गं, सगळ्या गल्लीला जेऊ घालणारी बाई, आणि माझ्या कागदावर हिची चूलच नाही! या सगळ्या पोरांचं जेवण मग येतंय कुठून? आकाशातून?

सुपरवायझर म्हणजे आमच्यासारखेच एक हेडमास्तर, फक्त हातात बॅग जास्तीची. त्यांना सांगितलं तर टोपीनं वारा घेत म्हणाले, "मॅडम, जो बोले वही लिखो. बहस मत करो. घरवाला बोल रहा है एक, तो एक." म्हटलं, सर, व्याख्या काय सांगते? "व्याख्या अपनी जगह है." आता व्याख्या जर तिच्याच जागी बसून राहणार असेल तर आम्हाला उन्हात कशाला हिंडवलं, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. गिळलं. नियमाच्या बाजूनं त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. भिंतीपलीकडचा धूर बघून मी लिहू शकत नाही. त्या घरच्या जाणत्या माणसानं सांगितलं पाहिजे.

दोन-तीन दिवसांनी शाळेच्या व्हरांड्यात कागद जुळवत बसले होते. एक बाई दोन्ही हातांत डब्यांच्या पिशव्या घेऊन थांबली. चाळिशीच्या आतली, बोटं मसाल्यानं पिवळी, बोलणं एकदम रोखठोक.

"तुमीच होय ना मोजाले आलत्या? मी वनिता. शालिकभाऊच्या घरची. मले कोणात लिवलं?"

सांगितलं, त्यांच्याच कुटुंबात.

"माझं नाव कुठी आहे, दाखवा."

म्हटलं, नाव फक्त प्रमुखाचं असतं. तुम्ही संख्येत आहात.

"संख्येत," ती म्हणाली. पिशव्या खाली ठेवल्या. "मॅडम, माझी चूल वेगळी आहे. तांदूळ माझा, गॅस माझा. पोरीइच्या पोटात जाते तो एकेक घास मी कमावून आणते. काहून वेगळी केली? मोठी बाई वाईट नाही, भासरेबी वाईट नाही. पण पोरीनं दुसऱ्यांदा भात मागतला का सगळे तिच्या ताटाकडं पायत. मले ते पाहवे ना. म्हणून मीच वेगळी मांडली. भांडण नाही झालं, काई नाही झालं. अन् तुमी मले त्याइच्यात टाकून देल्या?"

मी तिला समजावलं. तेच जे दिवसभर दारोदार समजावत होते. बाई, या कागदानं राशन मिळत नाही, पेन्शन मिळत नाही, घरकुल मिळत नाही. तुमचं नाव कोणी बाहेर वाचणारसुद्धा नाही, सगळं गुप्त असतं. वरती फक्त आकडे जातात. इतके लोक, इतकी कुटुंबं.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काईच नाही मिळत?"

"काहीच नाही."

"मंग खरं लिवाले तुमाले काय होते?"

मी म्हटलं, तुम्ही स्वतः सांगायला हवं. त्या घरात, सगळ्यांसमोर. मी परवा पुन्हा येते तपासणीला. एकच वाक्य बोला, की माझी चूल वेगळी. मी तिथल्या तिथं नवीन ओळ घालते.

तिचा चेहरा उतरला. "भासऱ्यासमोर?"

आता हे शहरातल्या वाचकाला सांगावं लागेल. आमच्याकडच्या जुन्या वळणाच्या घरांत धाकट्या भावाची बायको नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, भासऱ्याशी, बोलत नाही. समोर उभी राहत नाही. पाणी द्यायचं तर दाराच्या आडून तांब्या सरकवायचा. काही सांगायचं तर लेकराला सांगायचं, "सांग तुझ्या मोठ्या बाबाले, दूधवाला आला म्हणून," आणि मोठे बाबा तिथंच हातभर अंतरावर बसलेले असतात. कारखान्यातल्या दांडग्या पोरांना डब्यावरून फैलावर घेणारी ही बाई लग्न होऊन आल्यापासून त्या माणसाशी एक शब्द बोललेली नव्हती. यात राग नव्हता. तो मान होता. मान हा शब्द ऐकला की माझं डोकं उठतं. मानापायी त्यानं खोटं सांगायचं, मानापायी हिनं खरं सांगायचं नाही, आणि सरकारनं त्या दोन्हींची बेरीज करायची!

त्या दिवशी बसमध्ये खिडकीशी बसून मी मनातल्या मनात तो हिशेब पुढं नेत होते. माझ्या ब्लॉकची बेरीज वॉर्डात जाणार. वॉर्डाची शहरात. मग कोणीतरी माणसांना कुटुंबांनी भागणार आणि सरासरी काढणार. चुली लपल्या की भागाकार फुगतो. मग नव्या रायपुरात, त्या ओसाड रुंद रस्त्यांच्या कडेला, एसी लावलेल्या खोलीत एखादा साहेब तो आकडा बघून लिहिणार की या मोहल्ल्यात मोठी कुटुंबं आहेत, एकत्र कुटुंबपद्धती इथं छान टिकून आहे. आणि पुढच्या वेळी वॉर्डाची हद्दच बदललेली असणार, तेव्हा मागच्या आकड्याशी या आकड्याची तुलना करून कोणीतरी आणखी एक निष्कर्ष काढणार. वर्तमानपत्रात गोल गोल चित्र येणार, पोळीच्या तुकड्यांसारखं. त्या पोळीत वनिताचा तुकडा कुठं? पहाटे चार वाजता उठून भात शिजवणारी, दोन पोरी शिकवणारी, एका अख्ख्या चाळीचं पोट सांभाळणारी बाई त्या सरासरीत विरघळून जाणार, आणि वरून एकत्र कुटुंबाचं कौतुक होणार. मला इतका संताप आला की माझा स्टॉप पुढं गेला तरी मी बसूनच.

वर्षानुवर्षं मुलांना सरासरी शिकवली मी. एकूण भागिले संख्या. संख्या कशाची, हे आधी नीट ठरवा रे, असं कधी सांगितलं होतं का कोणी मला? आजही टीव्हीवर कोणी बाबा मोहल्ल्यांची, वॉर्डांची टक्केवारी घडाघडा वाचायला लागला की मी रिमोट शोधते. मोजलं कोणी? दारात कोण उभं होतं? उत्तर कोणी दिलं, आणि दाराआड कोण गप्प होतं? हे सांग आधी, मग तुझी टक्केवारी सांग. मुलगा म्हणतो, आई, तू आकड्यांशीही भांडतेस. भांडते. तो उन्हाळा ज्यानं पाहिलेला नाही त्यानं मला शिकवू नये.

ठरल्या दिवशी मी शालिकभाऊंकडं गेले. सकाळचीच वेळ, पण ऊन एव्हाना भिंतीवर चढलेलं. पुन्हा खुर्ची, पुन्हा चहा. मी कागद उघडला. "भाऊ, तपासणी आहे. पुन्हा एकदा विचारते. घरात चूल एकच ना?"

"सांगतलं ना मॅडम. एकच."

मागच्या दाराला फुलाफुलांचा पडदा होता. त्याच्यामागं कोणीतरी उभं होतं, पाय दिसत होते. मी थांबले. पडदा हलला नाही. माझ्या मनात आलं, ओढून बाहेर काढावं हिला! व्हरांड्यात तोंड चालतं, आणि इथं? पण मी कोण ओढणारी. मला काही सुचेना, आणि चिडून तोंडातून निघून गेलं, "एकच चूल आहे ना भाऊ? मग सांगा बरं, काल संध्याकाळी तुमच्या घरी काय शिजलं?"

"मुनग्याच्या शेंगाइची भाजी. भात."

"आणि वनिताबाईंच्या पोरी काय जेवल्या?"

त्यांनी बायकोकडं पाहिलं. ती पदराशी चाळा करत बसली. माणूस खोटारडा नव्हता हो. त्यांना खरंच माहीत नव्हतं. आपल्या भावाच्या लेकी काल काय जेवल्या हे त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे त्यांना त्याच क्षणी कळलं. मला एकदम लाजल्यासारखं झालं. जिंकायला आले होते की काय मी इथं?

"डाळभात अन् भेंडी," पडद्याआडून आवाज आला.

वनिता बाहेर आली. डोक्यावरून पदर, नजर खाली, पण आली आणि त्यांच्या समोर उभी राहिली. हात कोपरापर्यंत पिठाचे. माझ्याकडं बघत म्हणाली, आवाज मात्र सगळ्या घराला ऐकू जाईल असा, "लिवा मॅडम. माझी चूल वेगळी आहे. वर्षं झाली वेगळी आहे. ते लपवून राहिले, कारण का त्याइनं शब्द देला होता. शब्द त्याइनं नाही मोडला. चूल मी मांडली."

शालिकभाऊ भिंतीकडं पाहत होते. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मी नवीन ओळ घेतली, आधीच्या पाचावर रेघ मारली, आणि सरकारी आवाजात विचारलं, कारण दुसरा कोणताही आवाज काढला असता तर तो फुटला असता, "कुटुंबप्रमुखाचं पूर्ण नाव?"

"वनिता," ती म्हणाली आणि अडखळली.

पूर्ण नाव म्हणजे मधे नवऱ्याचं नाव. आणि नवऱ्याचं नाव ती घेत नव्हती. जिवंत असताना कधी घेतलं नव्हतं, आता तो नाही तर मुळीच नाही. तिनं ओठ हलवले, पदर पुढं ओढला. भासऱ्यासमोर बोलायची हिंमत कुठून तरी गोळा करून आणली होती, ती त्या एका नावापाशी संपली. मी पेन धरून बसले. तशीच ओळ सोडून द्यावी, नुसतं वनिता लिहावं असं मनात आलं.

"मोरेश्वर," शालिकभाऊ म्हणाले.

भिंतीकडंच बघत होते ते. "लिवा मॅडम. वनिता मोरेश्वर. अन् आडनाव माझंच लिवा. ते तर एकच आहे ना अजून?"

मी लिहिलं. माणसं तीन. मग त्यांच्या ओळीवर आले, आणि माझा हात थांबलेला पाहून त्यांनीच विचारलं, "मंग आमच्यात आता किती?"

"दोन, भाऊ."

"दोनच?"

मी मान हलवली. ते रेघ मारलेल्या त्या पाचावर बोट ठेवून म्हणाले, "लिवा."